दुसऱ्यांदा मद्यप्राशन करून वाहन चालवण्याचा गुन्हा : मुंबईतील एका प्रकरणाचा अभ्यास

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका दंडाधिकारी न्यायालयात मी आरोपीच्या वतीने चालवलेल्या प्रकरणाची ही हकीकत आहे. अशिलाच्या संमतीने ती लिहीत आहे आणि त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायद्याची कलमे आणि कार्यपद्धती मात्र जशी आहे तशीच दिली आहे. प्रकरण मोठे नाही. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचे हाड मोडले नाही. तरीही ते सविस्तर मांडावेसे वाटते, कारण मद्यप्राशन करून वाहन चालवण्याचा पहिला गुन्हा आपल्याकडे ‘पावती फाडली, विषय संपला’ अशा समजुतीने हाताळला जातो आणि ती समजूत किती महागात पडते, हे या प्रकरणात पायरीपायरीने दिसते.

घटना

अशील जोगेश्वरीचा, वय ४१, रुग्णालयांतील उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत सेवा अभियंता. दिवसाला तीन-चार रुग्णालये, डिकीत अवजारांची जड पेटी, त्यामुळे गाडी चालवता येणे ही त्याच्या नोकरीची जवळजवळ अटच. गाडी पत्नीच्या नावावर होती. या गोष्टीला पुढे महत्त्व येणार आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री मित्राच्या धाकट्या भावाची हळद होती. अशील तिथे रिक्षाने गेला आणि रिक्षानेच परत आला. “मॅडम, त्या एकतीस डिसेंबरनंतर मी घेतली की गाडीला हात लावत नाही,” असे त्याने मला पहिल्या भेटीतच सांगितले आणि चौकशीअंती ते खरे निघाले. (२०१८ च्या वर्षअखेरीच्या रात्री तो याच गुन्ह्यात एकदा सापडला होता, ती हकीकत पुढे येते.) शेवटचा पेला रात्री दीडच्या सुमारास. घरी येऊन तो झोपला. सकाळी वडिलांना दादरहून सातच्या शिवनेरीने पुण्याला जायचे होते. साडेपाचचा गजर झाला, दोघांनी चहा घेतला, वडिलांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि ते निघाले. सव्वासहाच्या सुमारास विलेपार्ल्याजवळ द्रुतगती महामार्गाच्या सेवा रस्त्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षाला त्याच्या गाडीने मागून धक्का दिला. रिक्षाचा मागचा पत्रा आत गेला. रिक्षाचालकाला काही लागले नव्हते. त्याने दुरुस्तीचे पैसे मागितले, अशिलाने ते तिथल्या तिथे मोबाइलवरून दिले, आणि ‘माझी तक्रार नाही’ असे रिक्षाचालकाने सांगूनही टाकले. तेवढ्यात चौकातला वाहतूक हवालदार तिथे पोहोचला होता. अशील खिडकीची काच खाली करून बोलू लागला तसा हवालदाराला वास आला.

पुढची पाच मिनिटे मी अशिलाच्या वडिलांकडून दोनदा ऐकली आहेत. हवालदाराने प्लास्टिकच्या वेष्टनातून नवी नळी काढून यंत्राला लावली, ‘मी थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहा’ असे सांगितले, यंत्राने लांब शिटी दिली आणि कागदाची छोटी पट्टी बाहेर आली : तारीख, ६ वाजून ३१ मिनिटे, यंत्राचा क्रमांक आणि ५८ हा आकडा. वडिलांनी चष्मा पुसून ती पट्टी वाचली आणि हवालदाराला विचारले, “अहो, पण ती रात्रीची गोष्ट ना?”

हा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ असे पाहते की वाहन चालवताना, किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना, चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क होता का. तो केव्हा घेतला, कुठे घेतला, मध्ये झोप झाली का, गाडी चालवणाऱ्याला आपण शुद्धीत आहोत असे वाटत होते का, यांतले काहीही कलमात नाही. शरीर मद्यार्क आपल्या गतीनेच बाहेर टाकते; ती गती साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, कोणाची १०, कोणाची २०. चहा, आंघोळ, लिंबूपाणी यांनी ती वाढत नाही. साडेसहाला ५८ म्हणजे रात्री दीडला हा आकडा १३० च्या पुढे असणार, आणि तो ३० च्या खाली यायला सकाळचे साडेआठ तरी वाजले असते. पहिल्या प्रकरणातून माझ्या अशिलाने धडा घेतला होता, पण तो रात्रीचा आणि नाकाबंदीचा. रक्तातल्या आकड्याचा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता. आणि हे त्याच्या एकट्याचे नाही. लग्नसराईत, हळदीनंतरच्या सकाळी, गोविंदा-गणपतीच्या रात्रीनंतर, शेकडो प्रामाणिक माणसे याच भ्रमात गाडीची किल्ली उचलतात.

हवालदाराने वरिष्ठांना बोलावले, परवाना ताब्यात घेतला आणि पावणेसातला अटकेची नोंद झाली. ७ वाजून ५० मिनिटांनी रुग्णालयात नोंदणीकृत डॉक्टरने तपासून रक्ताचा नमुना घेतला. दुपारी जातमुचलक्यावर आणि एका जामीनदारावर सुटका झाली, कारण हा गुन्हा जामीनपात्र आहे. वडील त्या दिवशी पुण्याला गेले नाहीत.

पहिले प्रकरण, जे संपले असे वाटले होते

३१ डिसेंबर २०१८ ची मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटे झाली असताना जुहूच्या नाकाबंदीत अशील दुचाकीसह सापडला होता. आकडा ७१. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ पासून ही मोहीम नेटाने चालवली आहे आणि वर्षअखेरीच्या रात्री तिला जोर असतो, हे त्यालाही माहीत होते. तरी ‘दोनच तर घेतल्या’ म्हणून तो निघाला होता. दोन आठवड्यांनी तो न्यायालयात गेला. सोबत वकील नव्हता. त्याच्यासारख्याच कितीतरी जणांची रांग होती, प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड आणि वाहतूक शाखेने दिलेली चिठ्ठी. नाव पुकारले, ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारले, ‘हो साहेब’ म्हटले, खिडकीवर २,००० रुपये भरले आणि सहा महिन्यांसाठी परवाना गेला. सहा महिने त्याने लोकलने काढले, परवाना परत आला, विषय डोक्यातून गेला.

या प्रकरणाची नक्कल मी काढली. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत, एकूण तीन ओळी आहेत : आरोपी हजर, तपशील समजावून सांगितला, गुन्हा कबूल, दोषी, दंड इतका, अपात्रता इतकी. या तीन ओळी म्हणजे फौजदारी न्यायालयाने दिलेली दोषसिद्धी होय. सिग्नल तोडल्याबद्दल किंवा हेल्मेट नसल्याबद्दल जी रक्कम रस्त्यावर वा मोबाइलवर भरून प्रकरण मिटते, ते अधिनियमाच्या कलम २०० खालचे तडजोड शुल्क असते. त्या कलमातल्या गुन्ह्यांच्या यादीत १८५ नाही. म्हणून या गुन्ह्याचे प्रकरण पोलिसांकडे मिटत नाही, न्यायालयातच जाते, आणि तिथे भरलेला पैसा हा शिक्षेचा भाग असतो. माझ्या अशिलाने सहा वर्षे त्याला ‘पावती’ म्हटले. त्याच्या पत्नीला तर ‘दंड भरला’ एवढेच माहीत होते. पतीच्या नावावर फौजदारी शिक्षेची नोंद आहे, हे तिला माझ्या कार्यालयात पहिल्यांदा कळले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

तीन वर्षांची मुदत आणि २०१९ ची दुरुस्ती

अशिलाच्या एका मित्राने त्याला ठामपणे सांगितले होते की तीन वर्षे उलटली की आधीचा गुन्हा धरत नाहीत. हे सांगणे निराधार नव्हते. ते जुने होते. २०१९ पूर्वी कलम १८५ मध्ये दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा तेव्हाच लागू होत असे, जेव्हा तो आधीच्या तशाच गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत घडलेला असे. त्या वेळी पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ३,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तीन वर्षांचे शब्द कलमातून काढून टाकले. आता पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वा त्यानंतरच्या कोणत्याही गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाच्या आकड्यामागचा ‘पर्यंत’ही गेला, रक्कम आता ठरलेली आहे. विशेष म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये तीन वर्षांची मुदत अजून आहे. संसदेने शेजारच्या कलमात ती ठेवली आणि इथे काढली, यावरून हेतूबद्दल शंका राहत नाही.

मग प्रश्न असा की पहिला गुन्हा जुन्या कायद्याच्या काळातला असताना त्याच्या आधारे नव्या कायद्याची वाढीव शिक्षा देणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) च्या विरोधात जाते का? हा मुद्दा मी मनापासून तपासला, कारण अशिलाच्या बाजूने तोच सर्वांत वजनदार दिसत होता. पण तो टिकणारा नाही, असे माझे मत झाले. अनुच्छेद २०(१) अशी हमी देतो की कृत्य घडले त्या वेळी जी शिक्षा होती तिच्याहून मोठी शिक्षा त्या कृत्याला देता येणार नाही. इथे शिक्षा होते ती २०२५ च्या कृत्याला, आणि २०२५ मध्ये कायदा काय होता हे सर्वांसमोर होते. २०१९ च्या दोषसिद्धीत कोणी एका रुपयाची भर घालत नाही. ती केवळ नव्या गुन्ह्याचे गांभीर्य ठरवणारी वस्तुस्थिती म्हणून येते. टिकणार नाही असा युक्तिवाद करून न्यायालयाचा वेळ आणि अशिलाचा पैसा खर्च करण्यात मला अर्थ वाटला नाही, आणि मी त्याला तसे सांगितले.

पुरावा

अशिलाचे पहिले म्हणणे होते, “मॅडम, पंधरा हजार भरतो, कबूल करून टाकू.” दुसऱ्या एका स्नेह्याचे म्हणणे याच्या उलट : “फुंकलंच कशाला? नकार द्यायचा.” दोन्ही सल्ले सारखेच घातक आहेत. नकाराबद्दल सांगायचे तर, कलम २०३ प्रमाणे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला वाजवी संशय असल्यास श्वासाचा नमुना मागता येतो, नकार देणाऱ्यात मद्यार्क असल्याचा संशय असल्यास त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि कलम २०५ प्रमाणे वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार हाच फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी परिस्थिती म्हणून धरला जाऊ शकतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८५ मध्ये श्वासचाचणीबरोबर प्रयोगशाळेसह अन्य कोणत्याही चाचणीचा उल्लेख आला आहे. म्हणजे फुंकले नाही म्हणून रक्ताचा मार्ग बंद होत नाही.

कबुलीची घाई मी थांबवली ती पुरावा तपासण्यासाठी. पहिले, अटक आणि वैद्यकीय तपासणी यांतले अंतर : कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांत तपासणी व्हायला हवी, नाहीतर आरोपीला सोडावे लागते. इथे एक तास पाच मिनिटे झाली होती. (दोन तास उलटले की खटलाच संपतो, असे पुष्कळांना वाटते. तरतुदीचे शब्द अटकेतून सुटका करण्यापुरते आहेत.) दुसरे, यंत्राची पट्टी, त्यावरचा यंत्र क्रमांक आणि त्या यंत्राच्या तपासणीची नोंद, ती मागवली, ती व्यवस्थित होती. तिसरे, रक्ताची कुपी : तिच्यात नमुना खराब होऊ न देणारे सोडियम फ्लोराइड होते का, मोहोर लावली होती का, ती कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत केव्हा पोहोचली. कुपीवरच्या मोहोरेचा ठसा आणि पत्रावरचा ठसा मी भिंगाखाली जुळवून पाहिला. अहवालात ३९ मिलिग्रॅम आले होते. श्वासचाचणी आणि रक्त यांत ऐंशी मिनिटांचे अंतर होते, आणि तेवढ्या वेळात ५८ वरून ३९ वर येणे शरीराच्या गतीशी जुळणारे होते. दोन स्वतंत्र चाचण्या एकमेकींना आधार देत होत्या.

सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपघात प्रकरणात म्हटले होते की तोंडाचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मनुष्य मद्याच्या अमलाखाली होता हे निःसंशय ठरत नाही. त्या निर्णयाचा आधार घ्यायला इथे जागाच नव्हती, कारण इथे वासावर काहीच अवलंबून नव्हते.

रिक्षाचालकाची तक्रार नसल्याचा उपयोगही मर्यादित. कलम १८५ चा गुन्हा कोणा एका माणसाविरुद्धचा नाही, रस्त्यावरच्या सगळ्यांविरुद्धचा आहे, त्यामुळे नुकसानभरपाई दिल्याने तो मिटत नाही. शिक्षेच्या वेळी सांगायला मात्र ती कामी येते.

पहिल्या तारखेचा पेच

पहिल्या तारखेला हाती आलेल्या कागदपत्रांत आधीच्या दोषसिद्धीचा उल्लेख नव्हता. नुसते ‘कलम १८५’ लिहिले होते. अशील हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, त्यांना कळलेलं नाही. आजच कबूल करू या, दहा हजारांत सुटेल.”

या मोहाची मला जाणीव आहे आणि तो त्याच्यावर राग धरण्यासारखा नाही. घरात शाळेत जाणारी मुलगी, नोकरी परवान्यावर टांगलेली. वाढीव शिक्षा हवी असेल तर आधीची दोषसिद्धी, तिची तारीख आणि न्यायालय आरोपीसमोर मांडून ती सिद्ध करणे हे फिर्यादी पक्षाचे काम आहे. अशिलाविरुद्धचा पुरावा वकिलाने स्वतःहून न्यायालयाला आणून द्यावा, असे कोणतेही बंधन नाही. पण ‘हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी’ हे वाक्य मी उच्चारू शकत नव्हते, आणि शिक्षेच्या युक्तिवादात नेमके तेच वाक्य अपेक्षित असते. दंडाधिकाऱ्यांनी थेट विचारले असते तर गप्प राहणेही खोटे बोलण्यासारखेच ठरले असते. शिवाय त्याचा हिशेब व्यवहारातही चुकत होता. कलम २०६(४) प्रमाणे जप्त केलेला परवाना परवाना प्राधिकाऱ्याकडे म्हणजे आरटीओकडे जातो, आणि तिथल्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीत, म्हणजे सारथी प्रणालीत, २०१९ ची अपात्रता नोंदलेली होती. न्यायालयात पहिला गुन्हा आणि आरटीओत दुसरा, ही विसंगती काही आठवड्यांत उघडी पडली असती. आम्ही त्या दिवशी कबुली दिली नाही, तारीख घेतली. पुढच्या तारखेला सरकारी वकिलांनी आधीच्या निकालाची प्रमाणित नक्कल दाखल केली. तो प्रश्न तिथेच संपला.

न्यायालयाची शिक्षा

पुरावा भक्कम होता, बचावाला प्रामाणिक आधार नव्हता. अशिलाने पूर्ण समजून, आधीच्या दोषसिद्धीसह गुन्हा कबूल केला. या वेळी त्याने कबुलीचा अर्थ घरी पत्नीबरोबर बसून वाचला होता. कबुलीनंतर अपिलाचा हक्क शिक्षेचे प्रमाण आणि कायदेशीरपणा एवढ्यापुरताच उरतो, हेही मी त्याला लेखी दिले होते.

सरकारी वकिलांनी कैदेचा आग्रह धरला. प्रकरण संक्षिप्त पद्धतीने चालवले असते तर तीन महिन्यांहून जास्त कैद देता आली नसती. दुसरा गुन्हा असल्याने दंडाधिकाऱ्यांनी ते नियमित पद्धतीने चालवले होते, त्यामुळे दोन वर्षांची कमाल मर्यादा खुली होती. आम्ही सांगितले ते एवढेच : दोन घटनांत सहा वर्षांचे अंतर, रात्री गाडी न नेण्याची घेतलेली काळजी, कोणाला इजा नाही, नुकसानभरपाई तत्काळ दिली, आणि फेब्रुवारीपासून समुपदेशनाला जात असल्याचे प्रमाणपत्र. दंडाधिकाऱ्यांनी सात दिवसांची साधी कैद, १५,००० रुपये दंड आणि दोन वर्षांची अपात्रता सुनावली. कारणमीमांसेतले एक निरीक्षण मला रास्त वाटले : सकाळची वेळ आणि शेजारी वृद्ध वडील, हे सर्व काळजी वाढवणारे आहे, कमी करणारे नाही. अपिलासाठी शिक्षा त्याच दिवशी स्थगित झाली. सत्र न्यायालयाने पुढे सात दिवसांच्या कैदेऐवजी न्यायालय उठेपर्यंतची कैद दिली. दंड आणि दोन वर्षांची अपात्रता मात्र कायम ठेवली.

नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आल्यापासून ‘झाडू मारायला लावतील फार तर’ असे कानावर येते. मद्यपानाच्या संदर्भात ती शिक्षा संहितेच्या कलम ३५५ मध्ये आहे, म्हणजे दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्यासाठी. वाहन चालवणाऱ्याचे कलम १८५ वेगळ्या कायद्यातले आहे आणि त्यात ती नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका तरुणाला वरळी नाक्यावर ‘मद्यपान करून गाडी चालवू नका’ असा फलक घेऊन उभे राहायला सांगितले होते, त्याचाही दाखला लोक देतात. ती जामिनाची अट होती.

परवाना : दुसरा, समांतर मार्ग

माझ्या अनुभवात अशिलांना सर्वांत कमी माहिती असते ती या भागाची, आणि सर्वांत मोठा फटका इथेच बसतो. न्यायालय आणि आरटीओ हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. न्यायालयाला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०(२) प्रमाणे १८५ च्या प्रत्येक दोषसिद्धीबरोबर किमान सहा महिन्यांची अपात्रता द्यावीच लागते. दुसरीकडे कलम १९(१अ) प्रमाणे परवाना प्राधिकारी धारकाचे म्हणणे ऐकून, लेखी कारणे देऊन, पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता आणि दुसऱ्या वा पुढच्या वेळी परवानाच रद्द करण्याचा आदेश देऊ शकतो. किंवा धारकाला दोषमुक्तही करू शकतो. रद्द झालेल्या परवान्याच्या धारकाचे नाव सार्वजनिकरीत्या जाहीर करण्याचीही तरतूद कायद्यात आहे. ‘एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा?’ असे अशिलाने विचारले. परवाना हा राज्याने सुरक्षिततेच्या अटीवर दिलेला अधिकार आहे आणि तो काढून घेणे ही प्रशासकीय कारवाई आहे. घटनेतले दुहेरी शिक्षेविरुद्धचे संरक्षण तिला लागू पडत नाही.

जप्तीच्या वेळी मिळालेली पोचपावती म्हणजे तात्पुरता परवाना, असेही तो समजत होता. कायदा स्पष्ट सांगतो की त्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. फेब्रुवारीत दहा दिवस त्याने त्या कागदावर गाडी चालवली होती, हे मला मार्चमध्ये कळले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

सुनावणीला आम्ही दोघे गेलो. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि परवाना रद्द केला. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. कारणे नीट लिहिलेली असल्याने आम्ही ते केले नाही.

अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी पत्नीच्या नावावर असल्याने, तिने जाणूनबुजून त्याला चालवू दिली तर कलम १८० प्रमाणे तिलाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मी हे तिला समोर बसवून सांगितले. “ताई, किल्ली तुमच्याकडे ठेवा,” एवढेच म्हणाले. तिने पर्समधून किल्ली काढून दाखवली. ती फेब्रुवारीपासून तिच्याकडेच होती. दहा दिवसांचा प्रवास दुसऱ्या किल्लीवर झाला होता. ती दुसरी किल्लीही त्या संध्याकाळी तिच्याकडे गेली.

विमा, पासपोर्ट आणि जे घडले नाही ते

स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी विम्याचा दावा करू नये, असा सल्ला मी दिला. मद्याच्या अमलाखाली वाहन चालवताना झालेले नुकसान सर्वसाधारणपणे पॉलिसीतून वगळलेले असते, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की हे वगळणे लागू व्हायला ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध होणेही आवश्यक नाही. त्रयस्थाला इजा झाली असती तर प्रश्न याहून बिकट झाला असता : २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये विमा कंपनीच्या बचावांत कलम १८५ ची स्थिती शब्दशः आली आहे, आणि जखमीला रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करण्याचे आदेश मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे देतात. मुंबईत एका कुटुंबाची आयुष्यभराची कमाई त्यात जाऊ शकते.

खटला प्रलंबित असतानाच त्याच्या पासपोर्टचे नूतनीकरण आले. फौजदारी खटला प्रलंबित असलेल्या अर्जदाराला पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६(२)(फ) प्रमाणे नकार मिळू शकतो. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, आणि कंपनीचे परदेशातले प्रशिक्षण तोवर दुसऱ्याला गेले.

सेवा रस्त्यावर त्या सकाळी रिक्षाऐवजी रस्ता ओलांडणारे कोणी असते तर? नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण ठार झाले. चालकाने मद्यप्राशन केले होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३०४ ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ ने घेतली आहे. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याचे ‘ज्ञान’ चालकाला होते का, यावर अशा खटल्यांचा तोल असतो. एकदा न्यायालयात उभे राहून शिक्षा भोगलेल्या माणसाला ते ज्ञान नव्हते असे म्हणणे अवघड जाईल, असे माझे मत आहे. फिर्यादी पक्ष तो रोजनामा पहिल्याच दिवशी पुढे ठेवील.

अशिलाला कंपनीने कामावरून काढले नाही. रुग्णालयांच्या फेऱ्या बंद झाल्या, कार्यशाळेतले टेबलावरचे दुरुस्तीचे काम मिळाले, प्रवासभत्ता गेला. अवजारांची पेटी घेऊन कधी जावे लागलेच तर तो लोकलने जातो. गेल्या महिन्यात त्याने फोन करून विचारले की दोन वर्षे पुरी होण्याआधी निदान शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून ठेवता येईल का, म्हणजे मुदत संपताच पक्क्या परवान्याची परीक्षा देता येईल. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे शिकाऊ परवान्याचा अर्जही परवाना धारण करण्यास किंवा मिळवण्यास त्या वेळी अपात्र नसलेल्या व्यक्तीलाच करता येतो. मी त्याला अपात्रतेची अखेरची तारीख पुन्हा वाचून दाखवली. त्याने ती लिहून घेतली.